खान्देशात स्मृती-आमराई: गावरान वाण टिकवायचे तर काय काय लागतं?

#१ पांझराकाठ
धुळे तालुक्यात नदीपासून थोडी आत, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली अडीच एकर. खालचा निम्मा तुकडा काळी भारी, वरचा मुरमाड. गावाने ठरवलंय की ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने त्याच्या नावाने एक झाड लावायचं, आणि ते नर्सरीतलं केशर-हापूस नव्हे, आपल्याच शिवारातलं. गावरान आंबे (शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, गोट्या, साखऱ्या), मेहरुणची बोरं, सीताफळ, चिंच, जांभूळ, कवठ, खिरणी. यादी ३०० झाडांवर गेली आहे. यंदा जुन्या झाडांच्या कोयी गोळा करायच्या आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुहूर्त धरून लागवड करायची, असा बेत आहे. जाणकारांनी चुका आत्ताच दाखवाव्यात.

#२ डोळाकलम
भाऊ, कल्पना सोन्यासारखी आहे. पण तीन चुका आधीच झाल्या आहेत: कोय, आखाजी आणि ३००.

कोयीपासून सुरुवात करू. आपल्याकडचे बहुतेक गावरान आंबे एकभ्रूणी आहेत. म्हणजे कोयीतून एकच रोप येतं आणि ते परागीकरणातून झालेलं असतं. आई माहीत, बाप माहीत नाही. शेप्याच्या कोयीतून आलेल्या झाडाला शेपूचा वास येईलच असं नाही, बहुतेक वेळा येत नाही. दहा वर्षांनी फळ लागेल तेव्हा पाटीवर 'शेप्या' आणि झाडावर भलताच आंबा. तोवर मूळ झाड तुटलेलं असेल तर तो वाण गेला. वाण टिकवायचा म्हणजे कलमच. कोयी गोळा करा, जरूर करा, पण खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या खालच्या रोपासाठी.

आखाजी म्हणजे एप्रिलअखेर ते मे. पारा ४२-४४ च्या घरात, वर पश्चिमेचा कोरडा वारा. त्या दिवशी रोप लावणं म्हणजे रोप वाळायला ठेवणं. आखाजीला खड्डे खोदा. ते उन्हात तापू द्या. लागवड जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाल्यावर.

#३ तापीखोरे
३०० चं गणित मांडून टाकतो. अडीच एकर म्हणजे साधारण १०,००० चौरस मीटर. गावरान आंब्याला १०×१० मीटर लागतातच, दाट लागवडीचा नियम इथे लावू नका. हे झाड ६०-८० वर्षं उभं राहायचंय. तर:

आंबा ६० झाडं (१०×१०): ६,००० चौ.मी.
बोर ४० (६×६): १,४४० चौ.मी.
सीताफळ ६० (४×४): ९६० चौ.मी.

झाले ८,४००. उरलेल्यात वाट, पाण्याची टाकी, कुंपणाची पट्टी आणि कडेची मोठी झाडं. म्हणजे १६० आणि वर कडेची १०-१५. त्यापलीकडे जाऊ नका.

आणि आता पाणी. पहिल्या उन्हाळ्यात आच्छादन केलेल्या झाडाला, नुसतं जगवण्यापुरतं, आठवड्यातून दोनदा २०-२० लिटर धरा. १६० × ४० = आठवड्याला ६,४०० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १७ आठवडे. एकूण १,०८,८०० लिटर. दहा हजार लिटरचे अकरा टँकर. हे पाणी कुठल्या विहिरीचं, मोटर कुणाची, वीजबिल कुणाच्या नावावर, हे लिहून काढल्याशिवाय पहिला खड्डा खणू नका. पानी नही ते काहीच नही.

#४ पांझराकाठ
पाण्याचा आकडा एवढा स्पष्ट कुणी काढला नव्हता. विहीर आहे, पण मार्चनंतर तळ गाठते. १६० एका वर्षात न लावता टप्प्याने लावली तर?

#५ तापीखोरे
तेच करा. पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ५०, उरलेली तिसऱ्या वर्षी. दर उन्हाळ्यागणिक आंबा, बोर, चिंच सावरत जातात आणि त्यांचं वाचलेलं पाणी पुढच्या तुकडीला देता येतं. दुसरा फायदा असा की पहिल्या तुकडीत जी कलमं फसतील ती कुठे फसली हे कळतं.

#६ काळीमाती
जमिनीबद्दल कुणी बोललंच नाही. वरचा मुरमाड भाग आणि खालची काळी, दोन्हीकडे एकच पद्धत चालणार नाही.

मुरमाडीत १×१×१ मीटरचा खड्डा. वरची एक फूट माती वेगळी ठेवायची, खालचा मुरूम बाजूला टाकायचा. भरताना तळाला पालापाचोळा, त्यावर चांगली माती, ४०-५० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १-२ किलो निंबोळी पेंड. 'पूर्ण कुजलेलं' या शब्दावर जोर आहे. कच्च्या खतात हुमणी आणि वाळवी येते, आणि खड्ड्यात उष्णता धरून कोवळी मुळं जळतात. खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरा, पहिल्या पावसात तो खाली बसतो.

काळ्या भारी जमिनीत तोच खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही, खड्ड्यातली भुसभुशीत माती पाणी पिते आणि झाड ऑगस्टभर पाण्यात उभं राहतं. लोक 'जमीन हलकी करायची' म्हणून त्यात वाळू-मुरूम टाकतात, त्याने हौद आणखी खोल होतो. काळ्या भागात खड्डा लहान घ्या, दोन फुटांचा पुरे, त्यात त्याच जागेची माती खत मिसळून भरा आणि त्यावर दीड-दोन फूट उंच, दोन मीटर रुंद वरंबा चढवून त्यावर रोप लावा. वरंब्याच्या दोन्ही अंगांनी उताराकडे चर.

सीताफळ काळ्या भागात लावूच नका. ते मुरमाडीचं झाड, पाणी साचलं की मूळ कुजतं. काळ्या भागात चिंच, जांभूळ आणि वरंब्यावर आंबा. बोर दोन्हीकडे चालेल.

#७ सातपुडा_पायथा
धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूचं थोडं सांगते. इकडे आमचूर होतो तो सगळा गावरान आंब्याचा. त्याला आंबट, गर जास्त, रेषा कमी असलेली कैरी लागते. रसाचा आंबा वेगळा, चोखून खायचा वेगळा, लोणच्याचा वेगळा. गोड तेवढे वाण निवडायची चूक करू नका. आमचुराची आणि लोणच्याची झाडं आधी तुटतात, कारण पिकल्यावर त्यांना कुणी विचारत नाही.

चारोळी आणि मोह यादीत घ्यायचे असतील तर दोन गोष्टी. मोहाचं बी ताजंच पेरावं लागतं, काही आठवड्यांत उगवण संपते. ते पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. चारोळीचं कवच कठीण, सोटमूळ लांब आणि ते मोडलं की रोप रुसतं. म्हणून चारोळी पिशवीत वाढवून हलवण्यापेक्षा जागेवर चार-पाच बिया टोकून एक रोप ठेवणं बरं. आणि तुमच्या काळ्या भागात नको, वरच्या मुरमाडीत.

सीताफळ तोरणमाळच्या बाजूचं आणायचं असेल तर जंगलातल्या झाडांमध्येही फरक असतो. मोठा डोळा, कमी बिया, जास्त गर, अशी झाडं फळाच्या मोसमात (सप्टेंबर-ऑक्टोबर) खूण करून ठेवा. उन्हाळ्यात पानगळ झाली की सगळी सारखीच दिसतात.

#८ बांधावरचा_आंबा
@डोळाकलम, कलमच हवं हे मान्य, पण नर्सरीत तयार केलेलं कलम आणून लावायचं की जागेवर खुंट वाढवून त्यावर करायचं? पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं. धुळे-शिंदखेड्यासारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात सरळ खोल गेलेलं मूळ हाच काय तो आधार.

#९ डोळाकलम
तत्त्वाने तुमचं बरोबर आहे. अडचण एवढीच की पन्नास जागी उन्हात, वाऱ्यात, गुडघ्यावर बसून कलम बांधायची, त्यांवरच्या पिशवीच्या टोप्या टिकवायच्या आणि मध्येच एखादी शेळी शिरते.

मधला मार्ग. जागेवर प्रत्येक ठिकाणी तीन कोयी लावायच्या, एक-एक फुटाच्या अंतराने. पुढच्या जुलै-ऑगस्टला त्यांतल्या दोन जोमदार खुंटांवर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर शेंडा पाचर मारून. त्यातलं चांगलं लागलेलं एक ठेवायचं, बाकी काढायचे. सोबत शेडनेटमध्ये (५० टक्के सावली) लांब पिशव्यांत राखीव कलमं ठेवायची. जागेवरचं मेलं तर तिथे ती.

कोयी गोळा करताना: फळ खाल्ल्यापासून जितक्या लवकर पेराल तितकं बरं, महिन्याभरात उगवण फार घटते. धुवून सावलीत सुकवा, पाण्यात टाका, तरंगतात त्या फेका.

पहिलं वर्ष असं नुसत्या खुंटाचं जातं. त्यामुळे पहिल्या वर्षी कुणाच्याही नावाची पाटी लावू नका.

#१० गिरणामाय
पाटी लावू नका म्हणजे? लोक त्यासाठीच तर येणार आहेत. दशक्रियेला घरचे सगळे जमतात, त्याच वेळी झाड लावायची इच्छा असते.

#११ डोळाकलम
ताई, कारण सांगतो. या सगळ्या बेतात सर्वांत जास्त जिथे फसतं ती जागा हीच आहे.

कलम दोन जिवांचं असतं. खाली कुठल्यातरी कोयीचा खुंट, वर आपला शेप्या. पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो आणि खुंट जोडाच्या खालून फुटतो. फूट जोमदार, हिरवीगार, घरच्यांना आनंद की झाड वाचलं. पाणी घालतात, पाटी लावतात, दरवर्षी हार घालतात. झाड खरंच जगलेलं असतं, पण तो शेप्या नसतो. आणि हे फळ लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून: जोडाच्या जागी खोडावर ऑइलपेंटचा पांढरा पट्टा. वर्षातून तीनदा, जूनला, ऑक्टोबरला, फेब्रुवारीला, पट्ट्याखालची प्रत्येक फूट खुडायची. पट्ट्याच्या वर जिवंत फांदी नसेल तर नोंदवहीत सरळ 'मेलं' लिहायचं आणि त्या खुंटावर जुलैत पुन्हा कलम करायचं. झाड उपटायची गरज नाही.

नावाची पाटी दोन उन्हाळे निघाल्यावर. तोवर एका फलकावर सगळी नावं एकत्र लिहा, जागेवर फक्त क्रमांकाची खुंटी.

#१२ पांझराकाठ
हे सभेत मांडतो. पटेल लोकांना. दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. काही घरांना रक्षा नदीत न सोडता झाडाच्या खड्ड्यात घालायची आहे. चालतं का?

#१३ काळीमाती
चालतं, पण सगळी नाही. चितेची राख म्हणजे मुख्यत्वे लाकडाची राख. चुना, पालाश, क्षार. ती अल्कधर्मी असते, आणि आपल्या काळ्या जमिनी आधीच त्या बाजूला झुकलेल्या, सामू (पीएच) साडेसात-आठच्या वर. घमेलं-दोन घमेली राख एकाच खड्ड्यात मुळांजवळ घातली की मुळं भाजतात आणि पुढे लोह मिळत नाही म्हणून पानं शिरांमधून पिवळी पडतात. मग लोक 'झाडाला मानवलं नाही' म्हणतात.

दोन-तीन मुठी रक्षा खड्ड्याच्या मातीत नीट मिसळून घ्या, मुळांच्या पिंडाला न चिकटता. उरलेली अडीच एकरांत उघड्यावर पातळ पसरा किंवा कंपोस्टच्या ढिगात मिसळा. अस्थी घालायच्या असतील तर खड्ड्याच्या तळाला, त्यांचा त्रास नाही, त्या फार सावकाश विरघळतात. हे खड्डा भरताना, मे-जूनमध्ये करा. वाढत्या झाडाच्या बुंध्याशी राख टाकायला मात्र सक्त मनाई.

लिंबाच्या खड्ड्यात तर मुळीच नको. चुनखडीच्या जमिनीत लिंबूवर्गीय झाडं आधीच रडत असतात.

#१४ शेंदऱ्या
पाट्यांवरून आठवलं. पार बांधायचा मोह सगळ्यांना होतो. चार वर्षांच्या झाडाभोवती सिमेंटचा गोल ओटा, वर संगमरवरी पाटी. त्याने तीन गोष्टी होतात: बुंध्याभोवती माती चढून साल कुजते, पाणी आणि हवा मुळांपर्यंत जात नाही, आणि खोड जाड झालं की ओट्याच्या कडेवर घासतं. बुंध्यापासून दीड मीटरच्या आत सिमेंट नको. नावाचा दगड तिथून बाहेर, शहाबादी फरशीवर कोरून घ्या, अर्धा फूट जमिनीत गाडून. पत्र्याची किंवा पितळेची पाटी भंगारात जाते.

झाडावरच्या वाणाच्या पट्टीसाठी ॲल्युमिनियमचा तुकडा आणि ठोकून काढलेली अक्षरं. पेनाची शाई एका उन्हाळ्यात उडते. तार खोडाभोवती आवळू नका, फांदीला सैल कडं करून लटकवा आणि दरवर्षी ढिली करा. तार सालीत रुतली की वरचा भाग वाळतो. खिळा नकोच.

#१५ मेहरुणी
बोरांचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. जळगावात मेहरुणचं बोर नावाजलेलं, पण शहर वाढत गेलं तशी तिथली झाडं कमी होत गेली. जी आहेत त्यांचे डोळे आत्ताच दुसरीकडे नेलेले बरे.

बोराला पाचर कलम नको, डोळा भरायचा, म्हणजे हव्या झाडाचा एक डोळा सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवायचा. पद्धत:

तुमच्या जागेत किंवा बांधावर रानबोर आहेच. ते उपटू नका, त्याची मुळं खोल गेलेली आहेत, फुकटचा खुंट आहे. एप्रिल-मेमध्ये जमिनीपासून दीड-दोन फुटांवर करवतीने तोडा. नवी फूट खूप येते, चांगल्या चार-पाच ठेवून बाकी काढा. पेन्सिलच्या जाडीच्या झाल्या की जून ते ऑगस्टमध्ये त्यांवर डोळे भरा. डोळा फुटला की त्याच्या वरचा खुंटाचा भाग कापा.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. मेहरुणच्या मूळ झाडाची छाटणीही त्याच एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी. नाहीतर डोळे भरायच्या वेळी त्यावर जुनं लाकूड असतं आणि साल सुटत नाही. मालकाला आधी भेटा.

रानबोर नसेल तिथे बी. १७-१८ टक्के मिठाच्या पाण्यात (लिटरला १७०-१८० ग्रॅम) टाका, तरंगतात त्या फेका, बुडालेल्या स्वच्छ धुवा. कवच हलक्या हाताने फोडून आतलं बी पेरलं तर आठवड्याभरात उगवतं, न फोडता तीन-चार आठवडे. पेरणी जागेवरच. बोराचं सोटमूळ पिशवीचं तळ फोडून जातं आणि उचलताना तुटतं.

पुढे दरवर्षी छाटणी, कारण बोर नव्या फुटीवर लागतं. छाटणी सोडली की दोन वर्षांत काट्यांचं रान आणि चण्याएवढी फळं. रोगात ऑक्टोबर-नोव्हेंबरात भुरी, किडीत फळमाशी. माशीची कोषावस्था जमिनीत असते. गळालेली किडकी बोरं रोज वेचून खोल पुरा आणि उन्हाळ्यात झाडाखालची जमीन चाळून तापू द्या. फवारणीच्या आधी हे.

#१६ बांधावरचा_आंबा
+१. उत्तम माहिती. रानबोरावर डोळे भरणं हा या बागेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा भाग. पहिल्या वर्षी तिथूनच सुरुवात करा, लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोरं खायला मिळतात आणि आमराईसाठी धीर धरता येतो.

#१७ पांझराकाठ
आमच्या आंब्याची जुनी झाडं ७०-८० वर्षांची, पन्नास फूट उंच. शेंड्यावर कोवळी फूटच फारशी नाही. कलमाला वरून जोडायची काडी आणायची कुठून?

#१८ डोळाकलम
म्हाताऱ्या झाडाची हीच गोची असते. काडी ३-४ महिन्यांची, पेन्सिलपेक्षा बारीक ते पेन्सिलएवढी, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी हवी. अशा झाडावर ती बाहेरच्या उन्हातल्या फांद्यांवरच मिळते. आतल्या सावलीतल्या काड्या बारीक आणि पोकळ, त्या लागत नाहीत.

नसेलच तर आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन फांद्या, मनगटाएवढ्या, दीड-दोन फूट मागे कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. त्या वर्षी त्या फांद्यांवर फळ नाही, पण पावसाळ्यात काडी मिळते. झाडमालकाला हे आधी सांगायचं.

काडी काढण्याआधी ८-१० दिवस झाडावरच तिची पानं कापा, देठाचा तुकडा ठेवून. देठ बोट लावताच गळायला लागला की काडी तयार. १०-१५ सेंमीची तोडा, सकाळी. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, वर केळीचं पान, मग प्लास्टिक. उन्हात मोटरसायकलच्या डिकीत ठेवली की शिजते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बांधा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाइलाज असेल तरच.

पाचर ४-५ सेंमी लांब, एका दमात कापलेली. कुरतडलेली पाचर कधी लागत नाही. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला जुळली पाहिजे. दीड-दोन सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट, वर पातळ पिशवीची टोपी.

दोन झाडांची काडी टाळा: मोहोर पानांसारखा गुच्छ होऊन फुटतो ते (विकृती आहे, कलमातून पुढे जाते), आणि ज्या फांदीवर बांडगूळ आहे ती. दुसऱ्या फांदीवरून घ्या. बांडगूळ जिथे चिकटलंय तिथून एक फूट खाली फांदी कापून टाका, नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं.

#१९ तापीखोरे
बोर्डो पेस्टचं प्रमाण कुणीतरी विचारणारच. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, मग एकत्र. लोखंडी खिळा घालून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, वाढवा. त्याच दिवशी वापरा.

#२० सातपुडा_पायथा
जांभळाबद्दल: बी बहुभ्रूणी असतं, एका बियेतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यांतली बरीच आईसारखी निघतात. त्यामुळे जांभूळ बियांपासून केलं तरी आंब्यासारखा घोटाळा होत नाही. कागदी लिंबूही तसंच. फक्त जांभळाचं बी दहा-पंधरा दिवसांच्या आत पेरा. खिरणीला वाढ फार सावकाश आहे, कुणाला 'लवकर मोठं झाड' हवं असेल तर त्यांना ती देऊ नका. ती त्याच जोरावर दीडशे वर्षं राहते म्हणा ना.

#२१ काळीमाती
दीडशेचं ठाऊक नाही ;) पण सावकाश हे खरं. चिकूची कलमं तिच्याच खुंटावर करतात, त्यामुळे लोक खिरणीला खुंट म्हणून ओळखतात, फळझाड म्हणून विसरले.

#२२ गिरणामाय
गायरान जमिनीवर करताना कुणाची परवानगी? आणि वाण गावाच्या नावावर नोंदवता येतो का?

#२३ सातबारा
आधी सातबारा काढा. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता लावलं तर पाच वर्षांनी कुणीतरी अर्ज करतं आणि झाडं अतिक्रमणात जमा होतात. ग्रामपंचायतीच्याच मालकीची असेल तर ग्रामसभेचा ठराव, त्यात मुदत, पाण्याची जबाबदारी आणि फळं कुणाची हे तिन्ही लिहून. फळांवरून भांडण पाचव्या वर्षी सुरू होतं. नाव एका घराचं, पाणी गावाचं, मग आंबे कुणाचे? सगळी फळं सामाईक आणि काडी मागेल त्याला मोफत, असं आत्ताच लिहा.

नोंदणीचं: २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला किंवा गावसमूहाला शेतकरी वाण म्हणून अर्ज करता येतो, नोंदणी शुल्क माफ आहे. अर्जाला जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांपैकी कुणाचं तरी समर्थन लागतं. खान्देश राहुरीच्या विद्यापीठाकडे येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात ती समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवहीत हे मातृवृक्ष (ज्यांची काडी घ्यायची ती मूळ झाडं) चढवून घ्या, काम एकदाच होतं.

#२४ शेंदऱ्या
नोंदवहीत मातृवृक्षाची माहिती काय घ्यायची: गाव, बांध, मालकाची लेखी संमती, जागेचे अक्षांश-रेखांश, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, मोहोर आणि पिकण्याचा महिना, दहा फळांचं सरासरी वजन, कोयीचं वजन, साल जाड की पातळ, रेषा, पिकल्यावर किती दिवस टिकतो, रिफ्रॅक्टोमीटरने गोडी (ब्रिक्स), कशासाठी वापरतात. दोन मोसम तरी बघा, कारण बरेच गावरान आंबे वर्षाआड लागतात.

नावावर विसंबू नका. 'खोबऱ्या' दर तिसऱ्या गावात आहे आणि तो एक आंबा नाही. प्रत्येक झाडाला आकडी क्रमांक द्या, नाव त्याच्या शेजारी.

आणि प्रत्येक वाणाची किमान तीन कलमं, त्यांतलं एक या बागेबाहेर. दुसऱ्या गावची शाळा, कुणाचा मळा, कृषी विज्ञान केंद्र, कुठेही. एका वणव्यात सगळं जाऊ नये.

#२५ तापीखोरे
वणव्यावरून: फेब्रुवारीच्या आत कुंपणाच्या आतून तीन मीटरची पट्टी गवत काढून मोकळी. आच्छादनाला केळीचं खोड उभं चिरून बुंध्यापासून एक फूट लांब ठेवा, ओलावाही धरतं आणि लवकर पेटत नाही. पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळक्या काड्यांचं) आच्छादन मात्र नको, बोंडअळी त्यात राहते, वाळवीही लागते. आडोशाला दक्षिण-पश्चिमेला तुराट्यांचा पडदा, पहिले दोन उन्हाळे. कुंपण लागवडीच्या आधी पूर्ण. शेळी एका दुपारी पन्नास शेंडे खाते, आणि पायथ्याच्या गावांत रोही (नीलगाय) वरून उडी मारतो. आतल्या बाजूने करवंदाच्या दोन ओळी, दोन-दोन फुटांवर, पाच वर्षांत तारेची गरज राहत नाही.

चिंच, जांभूळ पश्चिमेच्या कडेला लावा, वारा अडतो. शेजाऱ्याच्या बांधापासून पाच मीटर सोडून. सावलीवरून कोर्टात गेलेले बांध आपल्याकडे कमी नाहीत.

#२६ पांझराकाठ
सर्वांचे आभार. ठरलं ते असं: आखाजीला खड्डे, आणि त्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या खुंटीजवळ घागर रिती करायची, पहिल्या वर्षी झाड नसलं तरी. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतातच, तीच पुढे झाडाच्या बुडाशी जाईल. यंदा रानबोरावर मेहरुणचे डोळे आणि आंब्याच्या कोयी. एकच राहिलं: कलमाची टोपी आणि पट्टी कधी काढायची? पितृपक्षात सगळे गावी येतात, तेव्हा सगळ्यांच्या हातून काढून घ्यावी म्हणतो.

#२७ डोळाकलम
टोपी तेव्हा निघालेली असेल. कोंब दोन-तीन सेंमी झाला की, साधारण १५ ते ३० दिवसांत, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी काढायची. भर उन्हात काढली तर कोवळा कोंब तासाभरात मान टाकतो.

पट्टी पितृपक्षात नको. जुलैअखेरीस बांधलेल्या कलमाला सप्टेंबरात दोन महिनेही होत नाहीत, जोड कच्चा असतो. तीन महिने पूर्ण होऊ द्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. खुंटाच्या मागच्या बाजूने ब्लेडने पट्टी उभी चिरायची, सोलून ओढायची नाही. आणि दिवाळीनंतर लांबवूही नका. राहिली तर जोडाच्या वर गाठ येते, आणि मेच्या वाऱ्यात झाड बरोबर तिथेच मोडतं.